मदत हवी आहे: तळ्यात लागणारा जिताडा मासा खाडीत का लागत नाही?

पेणजवळ मामांचं खाजगी तळं आहे. 20 गुंठे, पाणी छातीभर. तिथे रॉडने गरवताना तिन्हीसांजेला बांधाकडेला रबरी मासा ओढला की दोन-तीन तासांत एखादा किलो-दीड किलोचा जिताडा लागतोच. (मामा खाण्यापुरताच एक नेऊ देतात, बाकी परत पाण्यात.)

तोच रॉड, तेच आमिष घेऊन धरमतर खाडीवर पाच वेळा गेलो. फक्त एक शिंगाळा मासा! उधाणाची भरती, भांग (कमी भरती-ओहोटीचे दिवस), दोन्ही करून पाहिलं. जिवंत कोळंबीही लावली, ती खेकड्यांनी खाल्ली. तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) 20 पौंडी, पुढे 40 पौंडी तुकडा. होडी नाही, काठावरूनच गरवतो. जाळं टाकायचं नाही.

धरणावर जा असं सुचवू नका. जिताड्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, बीज सोडलेलं नसेल तर तिथे तो असणार कुठून?

माझा अंदाज, तळ्यात माशाला जायला जागाच नाही, खाडीत तो पाण्याबरोबर फिरतो. मग काठावरून गरवणाऱ्याने नेमकं कुठे उभं राहायचं: उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी की पुलाच्या खांबांजवळ? आणि ओहोटी लागताना की भरती चढताना?