मदत हवी आहे: आजोबा नाटक कंपनीत पेटीवाले होते, पण नक्की कुठल्या?

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे चिकोडीकडचे, सध्या राहायला बेळगावात. माझ्या आईचे वडील लग्नाआधी नाटक कंपनीबरोबर फिरत होते. ऑर्गन आणि पेटी वाजवायचे. त्यांची कंपनी कुठली, एवढंच मला शोधायचं आहे.

घरात उत्तर तयार असतं: गंधर्व कंपनी. सीमाभागात पेटीवर बोटं फिरवलेल्या प्रत्येक आजोबांनी एकदा तरी बालगंधर्वांना साथ केलेली असते, त्यातलाच हा प्रकार. गंधर्व कंपनीचे वादक रसिकांना तोंडपाठ आहेत. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीला कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा. तिथं चिकोडीकडच्या पोरसवदा पेटीवाल्याला कोण बसवून घेणार?

हाताशी काय आहे ते सांगतो. वाद्य राहिलेलं नाही. ऑर्गन कंपनीच्या मालकीचा असायचा, आणि घरातली हातपेटी मामानं कधीच विकली. हुबळीच्या स्टुडिओचा शिक्का असलेला एक ग्रुप फोटो आहे. त्यात स्त्रीपार्टी नट मधे खुर्चीवर आणि आजोबा एका टोकाला उभे. एक पोस्टकार्ड आहे, सहाव्या जॉर्जच्या छापाचं, म्हणजे 1937 किंवा त्यानंतरचं. शिक्का गदगचा, तारीख पुसलेली. त्यात आपल्या आईला लिहिलंय की पावसामुळं खेळ बंद आहेत, पगार थकलाय, पुढचा मुक्काम ठरला की कळवतो. कंपनीचं नाव नाही. घरच्यांना ते ठाऊकच होतं, लिहायचं कशाला?

खरा ऐवज म्हणजे पदांची वही. प्रत्येक पदाच्या कोपऱ्यात 'काळी दोन', 'पांढरी चार' असा सूर लिहिलाय. मधेमधे पेन्सिलीनं 'वन्समोअर आल्यास अंतऱ्यापासून' असे शेरे. ही वही उलटी धरली की मागच्या बाजूनं दुसरी वही सुरू होते, आणि तिथली पदं कानडी आहेत. अक्षर देवनागरी, भाषा कानडी. कानावर पडेल तसं उतरवून घेतलेलं दिसतं. माझं कानडी बाजारापुरतं, त्यामुळं अर्थ अर्धामुर्धाच लागतो.

माझा अंदाज असा. हुबळीच्या फोटोवरून आधी ललितकलादर्श डोक्यात आली, कारण केशवराव भोसल्यांनी ती 1908 साली हुबळीतच काढली. पण त्यांच्यामागं ती चालवणारे बापूराव पेंढारकर 1937 साली गेले आणि ती कंपनी थांबली. तोवर बोलपटांनी मराठी कंपन्यांचं कंबरडं मोडलंच होतं. मग गदगला आजोबा कुणाच्या पगाराची वाट बघत होते? त्या पट्ट्यात कानडी कंपन्यांचीही जुनी परंपरा आहे. शिरहट्टीचे व्यंकोबराव, वामनराव मास्तर ही नावं तिकडं आजही निघतात. मल्लिकार्जुन मन्सूर लहानपणी वामनराव मास्तरांच्याच कंपनीत होते. कानडी नाटकांत मराठी चाली सर्रास चालायच्या, तेव्हा मराठी पेटीवाल्याला तिथं काम मिळणं अजिबात अवघड नव्हतं.

मावशीला हे बोललो तर म्हणाली, "आण्णा कानडी कंपनीत? काहीतरीच बोलू नको." 1956 साली बेळगाव कानडी मुलखाबरोबर म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर आमच्या घरात काय आठवायचं आणि काय नाही, हे बहुतेक न बोलताच ठरून गेलं.

कुणाकडं 1930 ते 1950 च्या सुमाराची नाटकाची हँडबिलं आहेत का? ऑर्गन-तबलेवाल्यांची नावं छापलेली असली तर उत्तमच. आणि कंपन्यांच्या मुक्कामाची सरकारी नोंद कुठं मिळेल?

प्रतिसाद 1
मी शहापूरचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, शहापूर आज बेळगावात धरतात खरं 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. तिथं तंबू पडला असेल तर त्याची परवानगी बेळगावच्या कलेक्टरच्या दप्तरात कशाला सापडतीय? ते सांगलीकडं शोधायचं. रायबागकडचा मुक्काम असला तर कोल्हापूर संस्थान, म्हणजे कोल्हापूरच्या पुरालेखागारात विचारा. बेळगाव, निपाणी, चिकोडी ही मुंबई इलाख्यातली. मुंबईचा करमणूक कराचा कायदा 1923 चा आहे, तेव्हा कराच्या फाइली निघाल्या तर त्यात कंपन्यांची नावं असणार. 'तरुण भारत' बेळगावात 1919 पासून निघतोय, त्याच्या जुन्या अंकांतल्या नाटकाच्या जाहिराती चाळा. फाइलींपेक्षा तिथं लवकर काहीतरी घावेल बघा.

प्रतिसाद 2
दादा, दप्तरं नंतर. आधी वहीच्या कानडी पानांचे फोटो टाका. पदाच्या पहिल्या ओळीवरून नाटक कळतं, आणि ते नाटक कोण करायचं हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून काही लिहिलंय का तेही बघा. सौंदत्ती तालुक्यातले एणगी बाळप्पा स्वतःची कंपनी घेऊन फिरायचे, त्यांच्याबरोबर काम केलेल्यांची घरं आमच्या बाजूला आहेत. ओळी द्या, मी वाचून दाखवतो त्यांना. आणि मावशीला आत्ताच काही सांगू नका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. 'चाल' चार ठिकाणी लिहिलेली आहे, चारही मराठी पदांच्या. एका पानावर समासात 'बाळाप्पा' असंही दिसतंय, पण ते नटाचं नाव की तबलजीचं, ते कळत नाही. फोटो आज रात्री टाकतो. पेन्सिल फार फिकट आहे, कागद उन्हात धरून काढावे लागतील. शहापूरचे दादा, सांगलीला कुठल्या कचेरीत जायचं तेवढं सांगा.