रीमा लागू नाटकात ‘पडून राहिल्या असत्या’ म्हणे!

तिसरी घंटा
गुरुवारी (१८ मे २०१७) पहाटे रीमाताई गेल्या. ५८ हे काय जायचं वय आहे? त्याचं वाईट वाटून घ्यायला जरा शांतपणे बसावं, तर जो मजकूर फिरतोय त्याने डोकं उठलंय. कळस म्हणजे इथल्याच एका सभासदाची ‘श्रद्धांजली’. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार: रीमा लागू म्हणजे हिंदी सिनेमाची लाडकी, सोज्वळ आई, हिंदीवाल्यांनी तिचं सोनं केलं, नाहीतर मराठी नाटकात पडून राहिली असती.

पडून राहिली असती! अहो, ‘पुरुष’ नावाचं काही ऐकलंय का? जयवंत दळवींचं लेखन, विजयाबाई मेहतांचं दिग्दर्शन, समोर नाना पाटेकर. नानाचा गुलाबराव रंगात आला की पुढच्या रांगा खुर्चीत मागे सरकायच्या. त्या माणसासमोर उभं राहायचं, तेही ओरडून त्याच्यावर चढायचा प्रयत्न न करता, हे किती जणींना जमलं असतं? अंबिका ही मास्तरांची सरळ मुलगी. तिच्यावर बलात्कार होतो, घर उद्ध्वस्त होतं आणि शेवटी ती गुलाबरावाचा जो हिशेब चुकता करते, त्यानंतर शिवाजी मंदिरात टाळी पडायला वेळ लागायचा. लोकांना हात कुठे आहेत तेच आठवायचं नाही.

मग ‘सविता दामोदर परांजपे’. कुसुमच्या अंगात मेलेली सविता येते, बोलता बोलता कुसुम सविताच होते, ते पाहून माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बायकोचा हात धरला होता. आणि ते गृहस्थ पोलिसात होते. ही बाई पडून राहिली असती?

हिंदीने सोनं काय केलं तेही बघू. ‘मैंने प्यार किया’ आला तेव्हा रीमाताई ३१ वर्षांच्या, त्यांचा मुलगा झालेला सलमान २४ चा. ‘वास्तव’मधला त्यांचा मुलगा संजय दत्त त्यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान. फिल्मफेअरची नामांकनं चार, बाहुली एकही नाही. हे सोनं तुम्हालाच लखलाभ.

खारीबिस्कीट
काका, तुम्ही ‘पुरुष’ पाहिलंत, तुमचं भाग्य. माझा तेव्हा जन्म व्हायचा होता. मी रीमा लागूंना पडद्यावर, आई म्हणूनच पाहिलं, आणि त्यात मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

त्यांच्या आधीची हिंदी आई आठवा. पांढरी साडी, शिलाई मशीन, खोकला. मुलगा मोठा होईपर्यंत आंधळी तरी होणार किंवा मंदिराच्या पायऱ्यांवर पडणार. रीमा लागूंची आई रंगीत साडी नेसायची, मनमोकळं हसायची, मुलाची फिरकी घ्यायची. नवऱ्याशी तिचं काही नातं आहे, हे दिसायचं. हे छोटं काम आहे का? माझी आई एरवी सिनेमाबद्दल चकार शब्द काढायची नाही, पण ‘हम आपके हैं कौन’ बघून आल्यावर म्हणाली, “ही बाई अभिनय करतेय असं वाटलंच नाही.” माझ्यासाठी समीक्षा तिथे संपली.

आणि ‘वास्तव’मधली आई पोटच्या पोराला गोळी घालते. सोज्वळ म्हणताय ती हीच का?

तिसरी घंटा
एक तर काका म्हणू नका. दुसरं म्हणजे सोज्वळ मी म्हणत नाहीये, तो पोस्टवाला म्हणतोय. भांडण वाचून करावं. ‘वास्तव’ मान्य. एकशे एक टक्के मान्य. पण तो सिनेमा करणारे महेश मांजरेकर. मराठी रंगभूमीवरचा माणूस होता म्हणून त्याला ठाऊक होतं या बाईच्या हातात पिस्तूल शोभेल. बाकीच्यांना पूजेचं ताट सोडून काही सुचलं नाही.

पिटातला
दोघंही गंभीर मंडळी दिसता. ‘श्रीमान श्रीमती’ मालिका विसरलात वाटतं. कोकिला कुलकर्णी! नवरा झालेला जतिन कनाकिया शेजारणीकडे बघून पाघळतोय आणि ही घर सांभाळतेय. विनोदाचं टायमिंग काय असतं ते त्यात बघा. रडवणं सोपं असतं हो.

सासूबाईंची सून
‘तू तू मैं मैं’!! आमच्याकडे मी आणि सासूबाई एका सोफ्यावर बसून बघायचो. रीमा लागू सुनेला टोमणा मारायच्या तेव्हा सासूबाई हसायच्या, सुप्रिया उलट बोलली की मी. दिवसभराची सगळी भांडणं त्या अर्ध्या तासात परस्पर उरकायची. माझा संसार या बाईमुळे टिकला. नाटकबिटक मला माहीत नाही.

गावाकडची
मी बराच वेळ गप्प होते, पण “ऐकलंय का”, “पाहिलंय का” हा सूर आता डोक्यात जातोय. नाही पाहिलं ‘पुरुष’! कसं पाहणार? मी परभणीची. आमच्याकडे कुठलं नाटक, कधी आणि कोणत्या नटसंचात येतं ते विचारा एकदा. लहानपणी एक ‘मुंबईचं’ नाटक आलं होतं. जाहिरातीतली नटी आलीच नाही, तिच्या जागी दुसरीच उभी. वडिलांनी पुढच्या रांगेची तिकिटं काढली होती.

तुमच्या त्या महान अंबिकेची जी काही ख्याती आहे ती दादर ते डेक्कन. उरलेल्या महाराष्ट्राला रीमा लागू दिल्या सिनेमाने आणि टीव्हीने. आज बाई गेल्या तर मी काय बघू? ‘मैंने प्यार किया’च ना? ‘पुरुष’मधली अंबिका बघायला कुठे जाऊ? तुमच्या शेजारच्या पोलिसाकडे?

इतकं थोर काम होतं तर नीट चित्रित करून का ठेवलं नाही कुणी?

प्रॉम्प्टर
कारण नाटक चित्रित करायची गोष्ट नाही. मी वर्षानुवर्षं विंगेत उभा राहिलोय, मला विचारा. प्रयोग त्या संध्याकाळचा, त्या प्रेक्षकांचा असतो. तीच नटी, तेच वाक्य. शनिवारी रात्री एक जागा मिळते, रविवारी दुपारी वेगळीच. कॅमेरा लावला की नटाचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं आणि मागच्या रांगेसाठी फेकलेला आवाज चित्रीकरणात किंचाळल्यासारखा येतो. जुन्या नाटकांच्या सीडी बघा. चांगली चांगली माणसं त्यात आरडाओरडा करणारी बावळट दिसतात. रीमाताईंचं तसं काही माझ्या पाहण्यात नाही, हे मी त्यांचं भाग्य समजतो.

गावाकडची
वा! म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांनी मिटक्या मारायच्या आणि आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नसत्या तर आज त्यांचं गाणं काय होतं ते कुणाला कळलं असतं? तबकडीवर तीनेक मिनिटांत कोंबलेलं गाणं आहे ते, तरी ऐकताना अंगावर काटा येतो. तेव्हा कुणी म्हटलं नाही की ‘मैफल त्या रात्रीची असते, रेकॉर्ड काढू नका’.

प्रॉम्प्टर
गाणं आणि गद्य यात फरक आहे.

गावाकडची
आहेच. गाणं उरलं. गद्य नटांचं नुसतं कौतुक उरलं.

तिसरी घंटा
धागा रीमाताईंचा आहे, चित्रीकरणाचा नाही.

हिशेबनीस
तरी लिहितो, कारण इथे पैशाचं कुणी बोलत नाहीये. मी काही काळ एका संस्थेचे हिशेब सांभाळले आहेत. नाटकाचं उत्पन्न म्हणजे तिकीट खिडकी आणि कंत्राटी प्रयोग, म्हणजे कंत्राटदाराने ठरावीक रकमेला विकत घेतलेले. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, बस, सेटची चढ-उतार, कलाकारांची आणि पडद्यामागच्या माणसांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. चालू नाटकाचं चित्रीकरण बाहेर पडलं की कंत्राटदार पहिला फोन करतो, “आता कशाला घेऊ?” म्हणून निर्माते घाबरतात. नाटक बंद झाल्यावर चित्रित करावं, तर कलाकार पांगलेले, सेट मोडलेला, पैसे घालणारा कुणी नाही. बाकी ते ‘त्या संध्याकाळचं’ वगैरे नंतर चढवलेलं तत्त्वज्ञान आहे.

प्रॉम्प्टर
तत्त्वज्ञान? तुम्ही बस मोजा, आम्ही नाटक करतो.

हिशेबनीस
बस मोजली म्हणून तुम्ही नाटकाला पोचलात.

खारीबिस्कीट
लंडनचं नॅशनल थिएटर २००९ पासून नाटकं चित्रित करून सिनेमागृहात दाखवतंय. हेलन मिरेनच्या नाटकाने सुरुवात केली. त्यांचं थिएटर ओस नाही पडलं. आठ-दहा कॅमेरे लावा, आवाज नीट घ्या, म्हणजे कुणी किंचाळत नाही. आपल्याकडे एक कॅमेरा मागे तिपाईवर उभा करून ‘बघा, नाटक वाईट दिसतं’ म्हणायचं.

पिटातला
आठ कॅमेरे! आधी एक धड स्वच्छतागृह द्या. नाट्यगृहाचं नाव घेत नाही, पण बायको रंगपटात मदतीला होती तेव्हाची गोष्ट. बायकांच्या बाजूला नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही. नायिका पूर्ण शृंगारात आणि बाहेर मेकअपवाली दार ओढून धरून उभी. दोन प्रयोगांच्या मध्ये या बायका पाणी पीत नाहीत, कारण नंतर जायचं कुठे? रीमाताईंच्या पिढीने दौऱ्यावर काय सोसलं असेल ते श्रद्धांजली लिहिणाऱ्यांनी एकदा लिहावं. ‘सोज्वळ हास्य’ लिहायला काय जातं?

सासूबाईंची सून
बाई गं. हे माहीतच नव्हतं.

तिसरी घंटा
पिटातला, हे मात्र शंभर टक्के. आणि मोबाईल! करुण प्रसंगात पुढच्या रांगेत रिंगटोन, वर तो उचलून “नाटकात आहे, नंतर करतो”. अशा लोकांना…

गावाकडची
थांबा. तुम्हाला धागा रीमाताईंचा हवा होता ना? मग मोबाईल कसा चालला? तुमची तक्रार आली की विषय, आमची आली की विषयांतर.

प्रॉम्प्टर
मोबाईलचा संबंध आहेच. आज तो वाजतो, उद्या तोच वर करून चित्रीकरण. स्पष्ट बोलतो, आम्ही घाम गाळतो तो खाटेवर लोळत फुकट बघणाऱ्यांसाठी नाही. ज्याला तळमळ आहे तो प्रवास करून येतो.

गावाकडची
प्रवास करून? परभणी ते मुंबई रात्रभराची गाडी आहे. मी दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेले सासरे घरी ठेवून तळमळ सिद्ध करायला येऊ? सिनेमे मी तिकीट काढून पाहिले, फुकट नाही. नाटकाचंही काढलं असतं, विकायला कुणी आलंच नाही. तुमच्या दृष्टीने आम्ही प्रेक्षकच नव्हतो, रीमा लागू गेल्यावर रडायचा हक्क तरी विचारून घ्यायचा का?

हिशेबनीस
प्रॉम्प्टर, शब्द मागे घ्या.

प्रॉम्प्टर
‘खाटेवर लोळत’ मागे. बाकी सगळं जागेवर.

तिसरी घंटा
बरं. गावाकडच्या ताईंचं एक मला टोचलं, लिहून टाकतो. मी ‘पुरुष’बद्दल एवढं लिहिलं, त्यात रीमाताई प्रत्यक्ष काय करायच्या ते एका ओळीत नाही. टाळी उशिरा पडली, पोलीस घाबरला, सगळं खुर्चीतलं. रंगमंचावरचं सांगायला बसलो तर मला त्यांचा आवाज आठवतो. ठसठशीत, थोडा जाड, वाक्याच्या शेवटी खाली न पडणारा. बसायची पद्धत आठवते. वाक्यं आठवत नाहीत. काही ठिकाणी तर आता नानाच जास्त आठवतो, आणि त्याचं एक कारण नाना पुढेही सतत दिसत राहिला हे असणार. म्हणून चित्रीकरण हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा राग मला कळतो.

खारीबिस्कीट
म्हणजे पडद्यावर दिसलं तेच उरतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत, काका.

तिसरी घंटा
तुमचं ‘काका’ चित्रित करून ठेवा. आणि पडद्याचंच म्हणाल तर ‘सिंहासन’ बघा. त्यातली दाभाड्यांची सून बघितली तर कळेल त्या चेहऱ्यात काय काय होतं. १९७९ चा सिनेमा. सूरज बडजात्याच्या ‘मैंने प्यार किया’च्या दहा वर्षं आधी. तेव्हापासून ही बाई कुठे पडून राहिली होती ते त्या पोस्टवाल्याला विचारा.

पिटातला
पोस्टवाल्याने पोस्ट उडवली दुपारीच.

सासूबाईंची सून
मग इतका वेळ आपण कुणाशी भांडतोय?

हिशेबनीस
एकमेकांशी. स्वस्तात होतंय, चालू द्या. ताई, गंमत नाही करत, परभणीला एका प्रयोगाचं कंत्राट घ्यायला कुणी तयार असेल तर मी दोन निर्मात्यांशी बोलू शकतो. पण बसचं डिझेल आणि मुक्कामाचं आधी ठरवावं लागेल.

गावाकडची
आमच्या महिला मंडळात वर्गणीला बायका तयार होतील. अटी दोन. जाहिरातीत जी नटी तीच यायला हवी, आणि स्वच्छतागृह आम्ही आदल्या दिवशी स्वतः तपासणार.

प्रॉम्प्टर
आणि मोबाईल बंद.

गावाकडची
ते प्रयोगाच्या दिवशी बघू.