मदत हवी आहे: पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यांवरच्या गरोदर बायांना वेळेत खाली कसं आणायचं?

अक्राणीचे गुरुजी

मंडळी, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव (अक्राणी) तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. ग्रामसभेचं लिहिण्या-वाचण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हा धागा ग्रामसभेच्या वतीनं काढतोय. पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) पाच टक्के अबंध निधीतली, म्हणजे कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेनं ठरवायच्या पैशातली, काही रक्कम गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी ठेवायची, इथवर सगळ्यांचं जमलंय. खर्च नेमका कशावर करायचा, यावर अडलंय. डोंगरातल्या आदिवासी भागात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावं.

आमचे पाडे डोंगराच्या वेगवेगळ्या धारांवर पसरलेत. एका पाड्यावरून दुसऱ्यावर हाक पोचते, माणूस पोचायला वेळ लागतो. जीप येते तिथवर बाईला बांबूच्या झोळीत घालून चौघं आणतात. ओढे भरले की तेही थांबतं. 108 ला फोन लावायचा तर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं. अवघड केस असली की धडगावहून पुढे शहादा नाहीतर नंदुरबार, म्हणजे पुन्हा घाट.

तरुण पोरांचं म्हणणं, एक जीप कायमची भाड्यानं ठेवू. त्यांची तळमळ खरी आहे, पण मला ते पटत नाही. जीप उभी राहणार रस्ता संपतो तिथे, आणि कळा सुरू होणार रात्री, वरच्या पाड्यावर. बाई कळांच्या आधीच खाली असली पाहिजे. त्यासाठी सरकारचं माहेरघर आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात बाईनं सोबतीच्या माणसासह, लहान लेकरू घेऊन आधी येऊन राहायचं. योजना चांगली आहे. आमच्या बाया तिथे जात नाहीत.

का जात नाहीत, हे घरोघर विचारलं. दवाखान्याची भीती हे कारण कुणीच पहिलं सांगितलं नाही. मागच्या लेकरांना कोण बघणार, शेळ्या कोण सोडणार, निंदणीच्या दिवसांत घरातले दोन हात कमी कसे करायचे, हे आधी आलं. मग, तिथे पावरी बोलणारं कुणी नसतं. नर्सताई घाईत मराठीत सांगतात, बाई मान हलवते आणि न समजताच घरी येते. एका म्हातारीनं सांगितलेलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "पोर आमच्या दायीचा हात धरून बाळंत होते, आणि तिकडे दायीला दाराबाहेर बसवतात." माहेरघर म्हणायचं आणि तिच्या माणसाला बाहेर ठेवायचं, हे कसं चालेल?

तर विचारायचं आहे ते हे. बायांनी आठ-दहा दिवस आधी खाली येऊन राहावं म्हणून कुठल्या गावानं काय केलं आणि ते टिकलं का? तरीही वरच बाळंत झालेल्या बाईसाठी पहिल्या आठवड्यात गावानं काय करावं? आणि असा खर्च अबंध निधीतून बसतो का? आणखी एक, दिवाळीनंतर आमची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यातल्या गरोदर बाया आमच्या नजरेतूनच सुटतात. त्यांचं काय करायचं?

डॉ. मेळघाटकर

गुरुजी, मी धारणी भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली. जीपबद्दल तुमचं बरोबर आहे. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. झोळी, ओढा, जीप आणि घाट या सगळ्यात दोन तास कधीच संपतात.

पण सगळ्यांना एकाच मापानं आधी खाली आणायला जाऊ नका, गाव थकेल. जोखमीच्या बाया पाचव्या-सहाव्या महिन्यातच वेगळ्या काढा. हिमोग्लोबिन 7 च्या खाली, रक्तदाब वाढलेला, पायांबरोबर तोंडावर सूज, जुळं, आधीचं सिझेरियन, आधी मेलेलं बाळ. आणि सातपुड्यात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तपासल्याशिवाय राहू नका. बाईला तो आजार असेल तर तिचं बाळंतपण जिल्हा रुग्णालयातच ठरवा. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. जीपचं भाडं द्यायचंच असेल तर त्या दिवशी द्या, ते पैसे सार्थकी लागतील.

वर बाळंत झालीच तर: बाळाला लगेच अंघोळ नाही. कोरडं पुसून, टोपरं घालून आईच्या उघड्या छातीशी धरायचं, वरून दोघांना पांघरूण. पहिल्या तासात अंगावर पाजायचं, चीक टाकायचा नाही. नाळेवर राख, शेण, तेल काही नाही. बाळ ओढत नसेल, गार पडलं असेल, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असेल, श्वास घेताना छाती आत जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर थांबायचं नाही. रक्तस्रावासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या असतात. त्या आधीपासून नर्सताईंशी बोलून, त्यांनी शिकवलेल्या माणसाच्याच हाती ठेवा. बाळ बाहेर यायच्या आधी, किंवा पोटात दुसरं बाळ असताना दिल्या तर घात होतो.

आणि दायीबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. आमच्याकडे दायीला प्रसूतिगृहात आईच्या उशाशी बसू दिलं, तेव्हा तीच पुढच्या बाईला घेऊन आली.

गटप्रवर्तक ताई, गडचिरोली

नमस्कार गुरुजी. आमच्याकडे पावसानं संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी जूनच्या आधी होते आणि दिवस भरत आलेल्या बायांना आधीच दवाखान्याजवळ हलवतात. यादी कागदावर सुंदर असते. बाई हलते ती तिच्या घरचं काम कुणी उचललं तरच. म्हणून निधीतला पैसा आधी तिथे लावा: सोबत येणाऱ्या बाईची बुडीत मजुरी, दोघींचं आणि लेकराचं जेवण, आणि घरी राहिलेल्या पोरांना बघणारीला थोडं मानधन. शेळ्यांचं शेजाऱ्यांनी वाटून घ्यायचं, ते गावच ठरवू शकतं.

पहिल्या आठवड्याचं म्हणाल तर आशाताईच्या भेटी ठरलेल्या असतात: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. हे आमच्याच जिल्ह्यातून देशभर गेलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी खाली आणले. तो अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेव्हा गावातली बाई हे करू शकते का, ही शंका मनातून काढा. मात्र तुमच्या आशाताईकडे किती पाडे आहेत ते बघा. पाच धारांवर एकटी ती तिसऱ्या दिवशी पोचणार कशी? प्रत्येक पाड्यावर तिची एक सोबतीण नेमा, पावरी बोलणारी, आणि तिला वजनकाटा, थर्मामीटर वापरायला शिकवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं माता व बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबरच गेलं पाहिजे, घरच्या पेटीत राहायला नको. मुकादमाचा नंबर, कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव निघायच्या आधी लिहून घ्या. लोहाच्या गोळ्या पुरतील इतक्या द्या. होळीला परत आल्या की त्या आठवड्यातच मुलांची वजनं आणि राहिलेल्या लसी.

ग्रामसभावाला

निधीचं थोडक्यात: अबंध निधीच्या विषयांत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण बसतं. ग्रामसभेचा ठराव हवा, त्यात लाभार्थी कोण, कशासाठी आणि किती, हे स्पष्ट लिहा. "आरोग्यासाठी खर्च" एवढंच लिहिलं तर नंतर आक्षेप निघतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती, औषधं, रक्त, बाईचं जेवण, जाणं आणि परत घरी सोडणं मोफत आहे. त्यावर गावचा पैसा घालू नका. तो ठेवा जिथे योजना पोचत नाही तिथे: सोबतीचं जेवण, पाडा ते रस्ता, मजुरी.

अक्राणीचे गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. पोरांना वाचून दाखवलं. जीप 9 तारखेला लावायची आणि बाकी पैसे सोबतीच्या बाईवर घालायचे, यावर ती तयार आहेत. ठरावाचा मसुदा आज बसून लिहितो. दायीला आत बसू द्यावं म्हणून ग्रामसभेचं वेगळं पत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना देऊ. डॉक्टर, तुमच्याकडे ते कुणाच्या परवानगीनं झालं होतं, आणि दायीला काय काय नियम घातले होते, ते सांगाल का? आणि ताई, पाड्यावरच्या सोबतिणीला किती दिवसांत, कुणी शिकवलं? आमच्याकडच्या दोघी तयार आहेत, त्यातल्या एकीला लिहिता-वाचता येत नाही, पण बायांचा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच आहे. तिला नोंदी ठेवता येतील असं काही चित्रांचं कार्ड तुमच्याकडे असेल तर कृपया इथे टाका.