मागची चाकं थडथडतात, नेमकं काय बदलू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ ची मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही८, मॅन्युअल गिअरबॉक्स. कागदावर ४१२ हॉर्सपॉवर. पहिल्या गिअरमध्ये त्यातली निम्मी तरी रस्त्यावर उतरते का, शंकाच आहे.

उभ्या गाडीतून जोरात निघालो की मागची चाकं नुसती घसरत नाहीत, थडथड उड्या मारतात. आवाज असा, की डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आता खाली पडतंय. गंमत म्हणजे ओल्या रस्त्यावर चाकं मुकाट गरगरतात, उडी नाही. हे कोडं काही सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी हौसेनं स्प्रिंगा बदलून गाडी ३५ मिमी खाली केली. देखणी दिसते. पण शॉक, आर्म (ऍक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे), बुश (त्यांच्या टोकांची रबरी जोडणी) सगळं मूळचंच. रस्त्यावर दोन्ही चाकांचे काळे पट्टे उमटतात, म्हणजे लिमिटेड स्लिप (एकच चाक गरगरू न देता दोघांना ताकद देणारं डिफरन्शिअल) शाबूत असावं.

डोक्यात तीन गोष्टी आहेत: कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी), मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कमी झुकू देणारी दांडी), पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक) बुश. खिसा एकाच गोष्टीचा आहे. गाडी रोजच्या वापराची, महिन्यातून एखादा दिवस ट्रॅकवर. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

ग्रीसचे हात:
आधी टायर बघा. साइडवॉलवर (टायरच्या बाजूला) छापलेल्या डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालं असेल, तर वर कितीही पैसे ओता.

जाड बारचा विचार सोडा. वळणातून बाहेर पडताना तो आतलं मागचं चाक हलकं करतो, आणि तुम्हाला तर ते जमिनीला चिकटलेलं हवंय.

उलटा पाना:
ओल्या रस्त्याचं कोडं सोपं आहे. उडी मारायला आधी पकड लागते. टायर धरतो, साइडवॉल आणि बुश पिळवटतात, ऍक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो; मग टायर सुटतो, पिळलेलं सगळं झटक्यात परत येतं, टायर पुन्हा धरतो. ओल्यात तो धरतच नाही, तर पिळणार काय?

आता मूळ दुखणं. तुमच्या गाडीला मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ऍक्सल आहे (प्रत्येक चाक वेगळं हलणारं इंडिपेन्डंट सस्पेन्शन २०१५ च्या मॉडेलपासून आलं). खाली दोन लोअर आर्म, वर एक अपर आर्म, आणि ऍक्सलला कडेला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड. चाकाचा रेटा गाडीपर्यंत या आर्ममधून पोचतो. गाडी खाली बसवलीत तेव्हा लोअर आर्मचं बॉडीकडचं टोक खाली आलं, ऍक्सलकडचं होतं तिथेच राहिलं. म्हणजे आर्म पुढे उतरता झाला आणि अँटी-स्क्वॉट (जोरात निघताना मागची बाजू खाली बसू न देणारा परिणाम) गेला.

इथे बरेच जण फसतात. मागे किती वजन सरकणार, हे सस्पेन्शन ठरवत नाही. ते ठरतं प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) यांवर. गुरुत्वमध्य अर्धा मीटर धरा, व्हीलबेस २.७२ मीटर, प्रवेग अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा): गाडीच्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. मागून खाली बसणारी गाडी म्हणजे जास्त पकड, हा निव्वळ दृष्टिभ्रम. आर्मचा कोन एवढंच ठरवतो, की तो भार आर्ममधून लगेच टायरवर जाईल की स्प्रिंग दबत दबत सावकाश.

म्हणून कॉइलओव्हर नको, रीलोकेशन ब्रॅकेट घ्या. ते ऍक्सलवर बसतात आणि आर्मचं मागचं टोक खाली आणतात. पण ब्रॅकेटचं सगळ्यात खालचं भोक पकडायचा मोह टाळा. आर्म पुढे फार चढता झाला तर गाडी वळणात झुकल्यावर ऍक्सल स्वतःच वळतो, मागची बाजू निसटू पाहते. शिवाय जोरात ब्रेक मारल्यावर तीच थडथड परत. तुम्ही ट्रॅकवर जाता, हे विसरू नका.

ग्रीसचे हात:
+१. पॉलीबद्दल एक भर: आर्मच्या दोन्ही टोकांना पॉली घालू नका. गाडी झुकताना आर्मला थोडा पीळ पडावाच लागतो, तो कोंडला की मागचं सस्पेन्शन अडकतं. एका टोकाला पॉली, दुसऱ्याला गोलाकार जॉइंट. वरच्या आर्मला हात लावाल तर केबिनमध्ये डिफरन्शिअलचं गाणं ऐकायची तयारी ठेवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल गाडी चाकांवरच उभी ठेवून (जॅकवर ऍक्सल लोंबतो, कोन खोटा येतो, हे एकदा चुकल्यावर कळलं) लोअर आर्मला अँगल गेज लावला. पुढचं टोक ३ अंश खाली! टायरचा कोड बघून तर लाज वाटली, गाडीइतकेच जुने.

तेव्हा आधी टायर, मग ब्रॅकेट मधल्या भोकात. बार आणि कॉइलओव्हर रद्द.

एकच उरलं: गाडी खाली केल्यापासून मागचं एक चाक फेंडरच्या बाहेर जास्त दिसतं. ऍक्सल बाजूला सरकलाय का?

उलटा पाना:
हो. पॅनहार्ड रॉडचं एक टोक बॉडीला, एक ऍक्सलला. उंची बदलली की रॉडचा कोन बदलतो आणि ऍक्सल कडेला ढकलला जातो. लांबी बदलता येणारा रॉड मिळतो. काही मिलिमीटरचाच फरक असेल आणि टायर कुठे घासत नसेल, तर सध्या राहू द्या. पैसे टायरला लावा.