एन्का म्हणजे नुसती रडगाणी? मला नाही पटत

सुलू_नागोया

परवा अनय यांनी लिहिलं होतं की एन्का (जपानी भावगीतांचा एक प्रकार) म्हणजे "म्हाताऱ्यांची दारूच्या ग्लासातली रडगाणी. तोच पाऊस, तेच बंदर, तीच टाकलेली बाई. ३१ डिसेंबरच्या कोहाकुत, टीव्हीवरच्या त्या गाण्यांच्या कार्यक्रमात, निव्वळ सवयीने दाखवतात." तिथेच दोन ओळी लिहायला बसले, त्या वाढत गेल्या, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तोच पाऊस, तेच बंदर, कबूल. पण ते बंदर कुठलं, ते तरी बघा. 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (त्सुगारु सामुद्रधुनीतला हिवाळा) १९७७ चं. गायिका इशिकावा सायुरी तेव्हा पुरती एकोणीसचीही नव्हती. तोक्योच्या उएनो स्टेशनातून सुटलेली रात्रीची गाडी, उत्तरेकडच्या आओमोरी स्टेशनात बर्फ, पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीकडे चाललेली माणसं, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. पहिल्या कडव्यात जवळजवळ एवढंच आहे. शेवटी ती बोटीवर एकटी रडते, पण कैफियत नाही.

गेल्या एप्रिलात मी तप्पीच्या टोकाला गेले होते. जपानच्या मुख्य बेटाची, होन्शूची, जमीन तिथे संपते. वारा असा की डोक्यावरची टोपी हाताने धरून चालावं लागतं. तिथे या गाण्याची शिळा आहे, तिला लाल बटण आहे. दाबलं की दुसरं कडवं मोठ्यांदा वाजतं, कारण त्यात तप्पीचं नाव येतं. माझ्या आधी एक सत्तरीपुढचे आजोबा उभे होते. त्यांनी बटण दाबलं, संपल्यावर परत दाबलं, मग परत. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिसऱ्यांदा संपल्यावर मागे वळून मला म्हणाले, "माफ करा, तुम्हाला थांबावं लागलं." पंधराव्या वर्षी समुद्रापलीकडच्या हाकोदातेहून त्याच बोटीने कामाला तोक्योला निघाले होते. १३ मार्च १९८८ ला ५३.८५ किलोमीटरचा, समुद्राखालून जाणारा सेइकान बोगदा सुरू झाला आणि रेल्वेची ती बोट इतिहासजमा झाली. बोगदा बरोबर त्या टोकाखालून जातो. आजोबा ज्यावर बसून घर सोडून गेले ते काहीच आता धावत नाही. गाणं तेवढं आहे.

शाळा संपल्या संपल्या गाड्या भरभरून उत्तरेची पोरं उएनोला उतरायची. त्यांच्यासाठी १९६४ साली 'आ उएनो एकी' आलं. ज्यांनी गाव सोडलं त्यांची ही गाणी आहेत. त्यांना रडगाणी म्हणणं मला लागलं, म्हणून लिहिलं.

अनय_पुणे

सुलूताई, आजोबांचा प्रसंग वाचून मीही थांबलो. पण माझा मुद्दा जिथल्या तिथे आहे. माझा राग गाण्यांवर कमी आणि त्यांच्या गळ्यात अडकवलेल्या 'जपानी मनाचा आवाज' या पाटीवर जास्त.

मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, एन्का म्हणजे गाण्यातलं भाषण होतं. सरकार सभा उधळायचं, म्हणून नागरी हक्कांच्या चळवळीतले लोक रस्त्यावर उभं राहून गायचे. सोएदा आझेनबो त्याच परंपरेतला. आज आपण ज्याला एन्का म्हणतो त्याला हे नाव चिकटलं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. अभ्यासक वाजिमा युसुके यांनी २०१० च्या पुस्तकात हे सगळं उलगडून दाखवलंय. आणि ज्या गाण्याला सगळे आद्य एन्का म्हणतात ते संगीतकार कोगा मासाओंचं १९३१ चं 'साके वा नामिदा का तामेइकी का' (दारू म्हणजे अश्रू की सुस्कारा) ऐका. साथीला गिटार. गाणारे फुजियामा इचिरो संगीत विद्यालयात पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले, माइकजवळ हलक्या आवाजात गातात. कोबुशी, म्हणजे एन्कातली ती गळ्याची वळणं, औषधालाही नाही! एन्काची एवढी मोठी गायिका मिसोरा हिबारी, तीही लहानपणी अमेरिकन वळणाची बुगी-वुगी गायची. कसली आलीय प्राचीन परंपरा?

दुसरं, मी ओसाकात पाच वर्षं काढली. दर शुक्रवारी साहेबांबरोबर कराओके. नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब डोळे मिटून तीच तीन गाणी म्हणणार आणि आम्ही बाराची शेवटची गाडी चुकेपर्यंत टाळ्या वाजवणार. एका शुक्रवारी आई इकडे दवाखान्यात होती, माझा फोन वाजत होता आणि मला उठता आलं नाही. त्या गाण्यांनी मला काय दिलं ते मला विचारा.

वसुधा_नाशिक

पाट्या आणि परंपरा जाऊ द्या. गाण्यात बाई काय करते ते बोला. 'किता नो यादो कारा' १९७५ चं, १९७६ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यालाच मिळाला. त्यातली बाई थंडीत कुडकुडत स्वेटर विणतेय, जो तो कधीच घालणार नाही. तिलाही ते माहीत आहे. तरी विणतेय! शब्द लिहिले आकु यू यांनी, म्हणजे पुरुषानेच. अख्ख्या देशाने ते डोक्यावर घेतलं.

माझी मावशी अकरा वर्षं नवऱ्याची वाट बघत थांबली. दर दिवाळीला त्याच्या मापाचा सदरा शिवून ठेवायची. ती गेल्यावर पेटीतून अकरा सदरे निघाले, घडी न मोडलेले. आम्ही ते वाटून टाकले. मला त्यात काही सुंदर दिसलं नाही. तिला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं की बाई, ऊठ. त्यामुळे असल्या गाण्याला कोणी 'हृदयस्पर्शी' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

सुलू_नागोया

वसुधाताई, अकरा सदऱ्यांपुढे मी काय बोलणार. पण सगळ्या बायका विणत बसलेल्या नाहीत हो. 'त्सुगारु' मधली बाई स्वतः त्याचा निरोप घेऊन निघालीय, बोटीवर ती चढलीय, तो नाही. आणि त्याच इशिकावा सायुरीचं १९८६ चं 'आमागि-गोए' ऐका. दुसरीने तुला नेण्यापेक्षा मीच तुझा जीव घेऊ का, असं ती विचारते. कोहाकुत ती बरीच वर्षं ही दोन गाणी आलटून-पालटून गायली. एक निघून जाणारी, एक पेटलेली.

अनय, आईच्या फोनबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तो गुन्हा साहेबांचा. गाण्याचा नाही.

पेटीवाला

सगळे शब्दांवर भांडताय, सुरांकडे कोणाचं लक्षच नाही. मी काल पहिल्यांदा ते १९३१ चं गाणं ऐकलं. हा सरळसरळ आपला शिवरंजनी राग आहे. म्हणून ते आपल्याला लगेच भिडतं. मूळ एकच.

रियाझी_मिरज

शिवरंजनी नाही. शिवरंजनीत धैवत शुद्ध. इथे कोमल आहे. सा रे, कोमल ग, प, कोमल ध. जपानी लोक याला योनानुकी म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा सूर गाळलेली सप्तकं, त्यातला हा मायनर प्रकार. कृपया ऐकून लिहा.

पेटीवाला

तीस वर्षं भजनाला पेटी धरतोय. मला शिवरंजनी ओळखू येत नाही असं म्हणायचंय?

रियाझी_मिरज

तीस काय साठ वर्षं धरा, धैवत बदलत नाही. उलट या गाण्याचा जीवच त्या कोमल धैवतात आहे. रे आणि कोमल ग लगत, प आणि कोमल ध लगत. दोन्हीकडे अर्ध्या सुराचं अंतर. ध वरून प वर उतरलं की सुस्कारा पडतो. नावातच सुस्कारा आहे त्या गाण्याच्या. शुद्ध धैवत लावलात तर सुस्काऱ्याची आळवणी होईल. 'मूळ एकच' वगैरे म्हणण्याआधी निदान सूर तरी बरोबर धरावेत. पाच सुरांची सप्तकं जगभर आहेत, त्यात मूळ शोधत बसू नये.

वसुधा_नाशिक

बाईचा प्रश्न होता, धैवतावर आला. नेहमीसारखंच.

पेटीवाला

वसुधाताई, तुमच्यावर रोख नव्हता. रियाझी, तुमची बोलण्याची पद्धत बरी नाही. आणि मग 'कितागुनी नो हारु'? १९७७, सेन मासाओ. तो तरी भूप आहे की तोही माझ्या कानाचा दोष?

रियाझी_मिरज

सूर भूपाचे आहेत. सा रे ग प ध, सगळे शुद्ध. राग भूप नाही, कारण चलन भूपाचं नाही. हा फरक कळत नसेल तर वाद थांबवू.

एक गोष्ट मात्र अनय यांना सांगायची आहे. कोबुशी फुजियामांच्या गाण्यात नाही, मान्य. पण ती ६०च्या दशकात कंपनीच्या खोलीत कोणी शोधून काढली नाही. मुराता हिदेओ, मिनामी हारुओ हे दोघे गायक रोक्योकुतून आले. रोक्योकु म्हणजे शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीवर अख्खी कथा गाऊन सांगायची, गळा पिळून, गुरगुरून. ती घासलेल्या गळ्याची ओढ तिथून आली. गायिका मियाको हारुमी १९६४ च्या 'आन्को त्सुबाकी' मध्ये जो गुरगुराट करते, तो नकाशावर अचानक उगवलेला नाही. नाव नवं असेल. गळा जुना आहे.

आणि कोबुशीला कृपया मुरकी म्हणू नका. मुरकी सुटून जाते. कोबुशी शब्दाचं शेवटचं अक्षर धरून ठेवते आणि तिथेच वळते. त्या भाषेत बहुतेक अक्षरं स्वरावर संपतात, म्हणून ते जमतं.

अनय_पुणे

रोक्योकुचा मुद्दा मान्य. पण त्याने 'जपानी मन' सिद्ध होत नाही. कोगांचं लहानपण कोरियात गेलं. आणि कोरियात गायिका ली मी-जाचं १९६४ चं 'दोंगबेक आगाशी' जपानी वळणाचं म्हणून बंदीत अडकलं. तिकडे म्हणतात हे जपानी, इकडे काही म्हणतात कोरियन. मालकी कोणाची, हेच ठरत नाही. पिट्सबर्गचा जेरो २००८ मध्ये आला, कृष्णवर्णीय अमेरिकन, आजी जपानी. तिरकी टोपी घालून 'उमियुकी' गायला आणि त्याच वर्षी कोहाकुत पोचला. मन जपानी असावं लागतं, तर तो कसा गायला?

सुलू_नागोया

आजीकडून शिकला, म्हणून गायला. मी दुसरं काय म्हणतेय?

हिबारीचं 'कानाशिई साके' गातानाचं चित्रीकरण बघा. डोळ्यांतून पाणी ओघळतं, हनुवटीपर्यंत येतं, आणि सूर केसाएवढाही हलत नाही. ती पुसतही नाही. मी गळा बसलेला असताना एक ओळ म्हणून बघितली, दुसऱ्या शब्दालाच आवाज फुटला. हे सवयीने होत नाही. पाटी काढून टाका, कंपन्या काढून टाका, तो आवाज राहतो.

वसुधा_नाशिक

'आमागि-गोए' ऐकलं. दोनदा. स्वेटरबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ही बाई मला चालेल.

पेटीवाला

काल रात्री सगळे झोपल्यावर भाता हळू ओढून वाजवून बघितलं. पांढरी एकचा सा धरला. शुद्ध धैवताने गाणं बसत नाही. कोमलच आहे. रियाझी, तुमचं बरोबर. पद्धत मात्र तरीही बरी नाही.

रियाझी_मिरज

पद्धतीबद्दल तुमचं बरोबर.

अनय_पुणे

लिहिणार नव्हतो. ओसाकात माझ्या घरमालकीणबाई होत्या, आओमोरीकडच्या. स्वयंपाकघरात एकट्या 'कितागुनी नो हारु' म्हणायच्या. त्या गाण्यात आई शहरातल्या मुलाला छोटं पार्सल पाठवते. मी पुण्याला परतल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांचं पार्सल आलं. सुकवलेले शिताके मशरूम, लोकरीचे मोजे, आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली दोन सफरचंदं, पुण्यात पोचेपर्यंत सुरकुतलेली. चिठ्ठी नव्हती. त्यांना मी उत्तर पाठवायला सहा महिने लावले.

यावरून परंपरा वगैरे काही ठरत नाही, हे आधीच सांगतो. 'रडगाणी' मागे घेतो. तुम्ही 'जपानी मनाचा आवाज' मागे घ्या.

सुलू_नागोया

ते मी लिहिलंच नव्हतं, वर जाऊन बघा. मोजे अजून आहेत का?

अनय_पुणे

आहेत.