तातडीचं: शनिवारचा शिवजयंती कार्यक्रम आणि स्टेट रेसलिंग

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
रविवार, रात्री 10:12

मंडळी,
अनघाचा आत्ता फोन आला होता, आपले महाराज, म्हणजे तिचा ईशान, काल डिस्ट्रिक्टमधून स्टेटला (आयोवाच्या हायस्कूल कुस्तीच्या राज्य स्पर्धेला) क्वालिफाय झालाय. अभिनंदन आहेच पण आता शनिवारचं काय करायचं ते उद्यापर्यंत ठरवायला हवं. साडेपाचला पडदा, सहाला अफझलखानाचा प्रवेश, आणि महाराज त्याच वेळी डी मॉइनच्या डाउनटाउनला कुस्तीचा सिंगलेट घालून. हॉल नऊला रिकामा करून द्यायचाय, मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बदली नट मिळेल का? ज्यांच्या मुलांना संवाद पाठ आहेत त्यांनी आजच कळवा.
मेधा

प्रेषक: सुहास
रविवार, रात्री 10:40

मेधाताई, त्याच्याआधी माझा प्रश्न सोडवा. शिकागोहून शाहीर आणि चार साथीदार शुक्रवारी रात्री येतायत आणि डाउनटाउनला एक रूम मिळत नाहीये. मी डिसेंबरमध्येच लिहिलं होतं की फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्टेट असतं, अख्ख्या आयोवातले आईबाप, आजीआजोबा, कोच, जुने पैलवान सगळे डी मॉइनला येऊन बसतात आणि स्कायवॉकने हॉटेलातून थेट अरीनात जातात, बाहेर थंडीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत. तेव्हा कोणीतरी म्हणालं "हायस्कूलच्या कुस्त्यांना कोण जातंय एवढं". नाव घेत नाही. आता घरी कोण उतरवून घेणार? एक साथीदार शाकाहारी आहे, बाकीच्यांचं काही नाही.

प्रेषक: अनघा
सोमवार, सकाळी 6:55

मेधाताई, बदली नट लगेच शोधू नका प्लीज, त्याने तीन महिने संवाद पाठ केलेत. अडचण अशी आहे की शनिवारी तो किती वाजता मोकळा होईल ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. शुक्रवारी सेमीफायनल. ती हरला (किंवा तिच्या आधीच हरला) तर शनिवारी दिवसा कॉन्सोलेशनच्या कुस्त्या, तिसरा-पाचवा-सातवा नंबर, दुपारपर्यंत मोकळा. सेमी जिंकला तर मात्र संध्याकाळी ग्रँड मार्च म्हणजे पैलवानांची मिरवणूक, मग फायनल. त्याचा गट 138 पाउंडांचा, म्हणजे पाच वजनगट त्याच्या आधी, सातच्या पुढे मॅटवर, मग पोडियम, मग अँकेनीला हॉलवर यायला वीस मिनिटं.
आणि मेहेरबानी करून जिंकण्याबद्दल आत्तापासून काही लिहू नका. मुलाच्या बाबांना असलं आवडत नाही.

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
सोमवार, सकाळी 8:20

म्हणजे पोरगं हरलं तर महाराज वेळेवर आणि जिंकलं तर प्रतापगड नऊला, जेव्हा हॉलवाला दिवे घालवतो. अनघा, तू गैरसमज करून घेऊ नकोस पण मला कार्यक्रमपत्रिका छापायला टाकायचीय, त्यात मी काय लिहू, "सेमीफायनलच्या निकालानुसार"?

प्रेषक: प्रसाद (ढोलपथक)
सोमवार, सकाळी 8:31

लिहा की. आणि आम्ही पाच-सहा जण ढोल घेऊन अरीनात गेलो तर? मुलाला जोर येईल.

प्रेषक: सुहास
सोमवार, सकाळी 8:33

प्रसाद, तुला दारातच अडवतील. आधी बॅगेचे नियम वाच.

प्रेषक: बापूकाका, वॉटर्लू
सोमवार, दुपारी 1:05

सर्वांना नमस्कार. मला मेल उशिरा दिसली, नातवाने फोनवर लावून दिली. हायस्कूलच्या कुस्त्यांना कोण जातंय असं ज्याने म्हटलं त्याने एकदा माझ्या गावात यावं. डॅन गेबल वॉटर्लूचा, हायस्कूलमध्ये 64 कुस्त्या, एकही हार नाही, तीन वेळा स्टेट, आणि 1972 ला म्युनिकला गोल्ड घेतलं ते समोरच्याला एक गुणसुद्धा न देता. 1921 पासून आयोवात स्टेट भरतंय. आम्ही बघायला जायचो तेव्हा डी मॉइनच्या व्हेट्स ऑडिटोरियममध्ये भरायचं, 2005 पर्यंत तिथेच होतं, आत शिरलं की पॉपकॉर्न आणि घामाचा एकत्र वास, मला खासबागची आठवण व्हायची, फक्त माती नाही आणि पागोटी नाहीत. लोक मात्र तसेच, शेतकरी गडी, टोपी घालून, कोण कुठल्या तालमीतला ते तोंडपाठ.
आता नियमाचं सांगतो कारण शनिवारी जे बघायला जातील त्यांना कळायला हवं. ही फोकस्टाइल, आपल्या मॅटवरच्या कुस्तीसारखी नुसती उचलून टाकायची नाही. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड. खाली आणलं की तीन गुण (2024 च्या सीझनपासून, आधी दोन होते), खालचा सुटला की त्याला एक. वरच्याने खालच्याला दाबून ठेवायचं, उठू द्यायचं नाही, याला फार किंमत. खांदे दोन सेकंद टेकले की चीत, खेळ खलास. आपला घिस्सा किंवा सवारी ज्याला येते तो इथे पास होईल. ढाक मारायला गेला तर मात्र पाठ देऊन बसेल हे मी ईशानला गेल्या वर्षीच सांगितलं होतं.
खाशाबा जाधवांना 1948 च्या लंडनसाठी तयार करणारे रीस गार्डनर अमेरिकनच होते हेही नव्या मुलांना माहीत नसतं. तिथे सहावा नंबर आला, मग 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ. त्या वेळी त्यांना पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आपण एक कार्यक्रम दोन तास पुढे ढकलू शकत नाही का.

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
सोमवार, दुपारी 1:30

बापूकाका, हॉल माझ्या नावावर घेतलाय, तासाला जास्तीचे पैसे पडतात, डिपॉझिटही माझंच अडकलंय. खर्डेकरांबद्दल आदर आहेच.

प्रेषक: संध्या, सिडर रॅपिड्स
सोमवार, संध्याकाळी 5:48

वाचून आनंद झाला की मंडळात रेसलिंगला इतके चाहते आहेत. दोन आठवड्यांपूर्वी आमची रेवा कोरलव्हिलला मुलींच्या स्टेटला खेळली तेव्हा या लिस्टवर एक ओळसुद्धा आली नाही. मी फोटो टाकला होता, त्याच्या खाली लोकांनी हळदीकुंकवाच्या वाणाचा हिशोब लावला. असो.
मुलींचं अधिकृत स्टेट वेगळं व्हायला इथे 2023 उजाडलं. त्याच्या आधी अधिकृत स्टेटला मुलींना मुलांच्याच गटात खेळायला लागायचं. 2011 ला स्टेटला पहिल्याच फेरीत मुलगी समोर आली म्हणून एका चांगल्या मुलाने धर्माचं कारण सांगून ती लढतच सोडून दिली होती, देशभर बातमी झाली. ती मुलगी त्या दिवशी आयोवाच्या स्टेटमध्ये जिंकलेली पहिली मुलगी ठरली आणि तिला धड लढायलाही मिळालं नाही.

प्रेषक: प्रसाद (ढोलपथक)
सोमवार, संध्याकाळी 6:02

संध्याताई सॉरी, खरंच दिसलं नव्हतं. तिकडे सांगलीलाही महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा 2023 लाच झाली ना, प्रतीक्षा बागडी जिंकली. एकच वर्ष. रेवाचं वजन किती?

प्रेषक: संध्या, सिडर रॅपिड्स
सोमवार, संध्याकाळी 6:10

मुलीचं वजन लिस्टवर विचारतात का रे?

प्रेषक: डॉ. नीलिमा
सोमवार, रात्री 9:15

वजनाचा विषय निघालाच आहे तर मला बोलायचंच होतं. रविवारच्या तालमीत ईशान कोपऱ्यात बसून बर्फाचा तुकडा चघळत होता, आम्ही सगळे मिसळ खातोय. 138 मध्ये राहायला या वाढत्या मुलांनी जेवण सोडायचं हे मला डॉक्टर म्हणून पटत नाही. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता गेले, गरम खोलीत, घाम काढायचे सूट घालून. तेव्हापासून नियम कडक झालेत हे मला माहीत आहे, तरीही.

प्रेषक: अनघा
सोमवार, रात्री 9:50

नीलिमा, तुझी काळजी कळते गं पण "जेवण सोडायचं" असं नाहीये. सीझनच्या सुरुवातीला लघवी तपासतात, शरीरात पाणी पुरेसं आहे का ते बघून मग चरबी मोजतात, मुलांना सात टक्क्यांच्या खाली आणि मुलींना बारा टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचंच नाही. कॉम्प्युटर तारीख काढून देतो, त्याच्या आधी त्या वजनात उतरता येत नाही. लागोपाठच्या दिवसांना एकेक पाउंडाची सूटही असते, म्हणजे तिसऱ्या दिवशी 140 चालतं. तो बर्फ चघळत होता कारण मिसळ तिखट होती आणि त्याने माझ्या ताटातली खाल्ली होती, मी बघितलंय. शनिवारी कुस्त्या झाल्या की तो एकटा सात पुरणपोळ्या खाणार आहे, त्या वेगळ्या काढून ठेवा, एवढंच.
आणि मेधाताई, उद्याच्या रंगीत तालमीत त्याला दाढी चिकटवू नका प्लीज. वजनाच्या वेळी अंगावरची त्वचा तपासतात, नायटा, पुरळ, फोड काही दिसलं की डॉक्टरचा कागद लागतो, नाहीतर मॅटवर उतरू देत नाहीत. त्या गोंदाने मागच्या वर्षी त्याची हनुवटी आठवडाभर लाल होती. तेवढ्यासाठी घरी बसावं लागलं तर काय सांगू मी कोचला?

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
सोमवार, रात्री 10:05

ठीक, काजळाने काढू. दाढीचा विषय संपला.

प्रेषक: बापूकाका, वॉटर्लू
मंगळवार, सकाळी 7:30

नायट्यावर आमच्या तालमीत वस्ताद कडुनिंबाचा पाला लावायचे.

प्रेषक: डॉ. नीलिमा
मंगळवार, सकाळी 7:41

काका, नको. अँटीफंगल क्रीम, आणि ट्रीटमेंट सुरू करून 72 तास झाल्याशिवाय उतरू देत नाहीत.

प्रेषक: सुहास
मंगळवार, दुपारी 12:20

शाहिरांचं झालं. दोघं आमच्याकडे, दोघं जोशींकडे, शाकाहारी साथीदार नीलिमाकडे. मी शाहिरांशी बोललोय, ते म्हणाले पोवाडा आधी घ्या, तासभर सहज खेचतो, मग प्रवेश. मी सुचवतो ते असं: साडेपाच पोवाडा, सव्वासात लहान मुलांचे नाच, आठ जेवण, साडेआठ प्रवेश, हॉल दहापर्यंत वाढवायचा, जास्तीचे पैसे आम्ही चार घरं देतो. जिवा महाला करणाऱ्या निखिलला महाराजांचे संवाद येतात (आणि खान करणारे शेखरभाऊ सहा फूट दोन इंच, त्यामुळे निखिल छोटा दिसला तर चांगलंच आहे). ईशान पोहोचला तर ईशान, नाहीतर निखिल महाराज आणि जिवा महाला प्रसाद.

प्रेषक: प्रसाद (ढोलपथक)
मंगळवार, दुपारी 12:24

मला कोणी विचारलं? शेवटी ढोल आहे, मी दांडपट्टा सोडून तीन मिनिटांत टिपरू कसं हातात घेणार?

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
मंगळवार, रात्री 9:00

समितीची चर्चा झाली. सुहासचा क्रम पक्का. पत्रिका छापायला गेली. केटररला जेवण आठला सांगितलंय, तो म्हणाला आता यानंतर बदल चालणार नाही. प्रसाद, ढोल पाच मिनिटं उशिरा. यावर आणखी चर्चा नको.

प्रेषक: अनघा
शुक्रवार, रात्री 10:58

सगळ्यांचे मेसेज मिळाले, फोन उचलता आले नाहीत. सेमी गेली. पहिल्या राउंडलाच ईशानने खाली आणलं, तीन-शून्य, तो मुलगा सुटला, तीन-एक, आणि पुढे सगळा वेळ ईशान पुढेच होता. शेवटचे दहाएक सेकंद राहिले असतील, ईशान मॅटच्या कडेला सरकत होता, पंचाने हात करून आत बोलावलं, आणि त्या मुलाने गुडघ्यावर येऊन पाय धरला. घड्याळ संपायच्या आधी तीन. चार-तीन. ईशान मॅटवरून उठला, हात मिळवला, समोरच्या कोचशी हात मिळवायचा असतो तोही मिळवला, आणि आत गेला. अजून बोललेला नाही. उद्या सकाळी वजन, मग तिसऱ्या नंबरासाठी. तीनपर्यंत मोकळा होईल.

प्रेषक: बापूकाका, वॉटर्लू
शुक्रवार, रात्री 11:20

बघितली मी फोनवर. जुन्या दोन गुणांनी मोजली तरी तीन-दोनने गेलीच असती, त्यामुळे नियमाला दोष देता येत नाही. आघाडी असली की कडेला जायचं नाही, मध्ये उभं राहून हात लढवायचा. उद्या तिसऱ्यासाठीची कुस्ती जास्त अवघड असते, रात्रभर मन खात असतं. त्याला आज काही शिकवू नका, झोपू द्या.

प्रेषक: डॉ. नीलिमा
शुक्रवार, रात्री 11:26

पाणी पाजा त्याला, थोडं थोडं. उद्या 140 पर्यंत चालतंय ना.

प्रेषक: मेधा (कार्यक्रम समिती)
शुक्रवार, रात्री 11:31

अनघा, वाईट वाटलं गं. उद्याचं बघू.
बाकीच्यांसाठी: ईशान तीनला मोकळा होतोय म्हणून मी केटररला फोन केला, जेवण परत साडेसातला करता येईल का म्हणून. तो नाही म्हणाला. म्हणजे क्रम तोच, पोवाडा आधी, प्रवेश साडेआठला.

प्रेषक: सुहास
शुक्रवार, रात्री 11:34

मेधाताई, पत्रिकेत ईशानच्या नावापुढे चांदणी करून खाली "उपलब्धतेनुसार" छापलंय, ते काढता येईल का? शंभर कॉपी माझ्या गाडीत आहेत.

प्रेषक: संध्या, सिडर रॅपिड्स
शुक्रवार, रात्री 11:40

काळं मार्कर पेन असेल तर आणा, मी आणि रेवा चारला येतोय, बसून खोडतो. रेवाला ईशानची तिसऱ्या नंबराची कुस्ती बघायचीय म्हणून आम्ही आधी अरीनात जाऊ. कोणाकडे एक तिकीट जास्तीचं आहे का?