महामार्ग आणि विमानतळ यांच्यामधील शेताची तपासणी कशी करावी?

प्रश्न:
जळगावजवळ महामार्गाला लागून आमची केळीची बाग आहे आणि विमानतळाची हद्दही फार लांब नाही. चौपदरीकरणानंतर भरावावरचे पाणी थेट आमच्या चरात उतरते. पहिल्या पावसात त्यावर रंगीत तवंग येतो आणि चराच्या तोंडाशी काळपट गाळ साचतो. माती परीक्षण करून घेतले, पण अहवालात शिशाचा उल्लेखच नाही. विहिरीचे पाणी घरात पिण्यासाठी वापरतो, म्हणून काळजी वाटते. नेमके काय तपासावे?

उत्तर १:
दादा, मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटक पिकाच्या पोषणासाठी असतात. त्यात शिसे येत नाही आणि जस्तही पिकाला उपलब्ध होईल तेवढेच मोजले जाते. प्रयोगशाळेकडे ‘एकूण शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम’ असे स्पष्ट मागावे. जस्त टायरच्या झिजेतून येते आणि तांबे ब्रेकमधून. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झाले, तरी शिसे कुजत नाही आणि आपली काळी, चुनखडीयुक्त जमीन ते वरच्या थरातच धरून ठेवते. म्हणून न नांगरलेल्या बांधावरून वरच्या 5 सेंटिमीटरचा नमुना वेगळा आणि त्याखालचा वेगळा घ्यावा, आणि रस्त्यापासून 2, 10, 50 मीटर असे आत जावे. मात्र रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी माती उकरून कोठे टाकली, हे त्याआधी शोधा, कारण शिसे तिच्याबरोबर गेलेले असते. भरावात औष्णिक केंद्राची राख असल्यास आर्सेनिक आणि बोरॉनही तपासावे.

तवंग काडीने ढवळून पाहा. तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा लोहजिवाणूंचा थर असतो. पुन्हा जुळून आला तर तेल समजावे.

उत्तर २:
विमानतळाच्या बाजूने प्रश्न वेगळा आहे. अग्निशमनाच्या सरावात वापरल्या जाणाऱ्या काही फेसांत पीएफएएस नावाची रसायने असतात. ती शिशासारखी मातीत अडकत नाहीत, पाण्याबरोबर खाली जातात, आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून पहिला पाऊस तर सरळ खाली उतरतो. पाणी उकळल्याने ती जात नाहीत. त्यामुळे विहिरीचा नमुना पावसाळ्याआधी आणि नंतर, असा दोनदा घ्यावा. शिशासाठी पिण्याच्या पाण्याची भारतीय मानक मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. लहान प्रशिक्षण विमानांच्या पेट्रोलात आजही शिसे असते, म्हणून तशी विमाने उतरत असतील तर धावपट्टीच्या बाजूच्या बांधावरचाही एक नमुना घ्यावा.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना विचारले. रस्त्याकडेची माती ठेकेदाराकडून मागून त्यांनीच विहिरीच्या काठावर भरून घेतली होती. पहिला नमुना तेथूनच घेतो, आणि अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी गावातून आणतो.